खेळ मुलाच्या मापाचा

औषधाचा डोस मुलाचं वजन पाहून ठरतो; शिकवण्याचा मात्र सगळ्या वर्गाला सारखाच. ताराबाई मोडक यांनी हे आयुष्यभर बदलत नेलं.

१८९२ साली मुंबईत जन्मलेल्या, १९१४ साली पदवीधर झालेल्या ताराबाई राजकोटचं प्राचार्यपद सोडून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेल्या. तिथे माँटेसरी पद्धत होती. (मारिया माँटेसरी मूळच्या डॉक्टर, हे अनेकांना ठाऊक नसतं.) त्यातली दट्ट्यांची पेटी पाहा: लाकडी ठोकळ्यात दहा भोकं, दहा दट्टे. एखादा चुकीच्या भोकात गेला की शेवटी दट्टा उरतो. चूक खेळच दाखवतो, बाईंना रागवावं लागत नाही. जमलं तर पुढची अवघड पेटी, नाही तर हीच पुन्हा, हवी तितक्या वेळा. कुणी ‘ढ’ ठरत नाही.

१९४५मध्ये त्या बोर्डीला गेल्या. खेड्यात ही महागडी साधनं कुठली? शिंपले, खडे, पानं, बिया घेतल्या. खरं तर ती जास्त सोयीची. पाच खड्यांत गोंधळणाऱ्यापुढे तीन ठेवता येतात, सरावलेल्यापुढे दहा. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली.

१९७३मध्ये ताराबाई गेल्या. दोन वर्षांनी केंद्राची एकात्मिक बालविकास योजना आली. सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर आज तिच्या केंद्राला अंगणवाडीच म्हणतात.