पाटण्याचे दीन मोहम्मद, विलायतच्या बादशहांचे चंपीवाले

आज घराघरात शॅम्पूची बाटली असते. पण हा शब्द आपल्या 'चंपी'चाच भाऊबंद आहे हे फार थोड्यांना ठाऊक असते. या चंपीवर विलायतेत नाव कमावणारे गृहस्थ होते शेख दीन मोहम्मद.

जन्म १७५९ चा, पाटण्यातला. वालिद ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते, लढाईत मारले गेले. पोरगा अकरा वर्षांचा असताना गॉडफ्रे बेकर या आयरिश अधिकाऱ्याच्या मागे छावणीत गेला आणि पुढे सुभेदार झाला. १७८२ मध्ये फौज सोडली, १७८४ मध्ये बेकरसोबत आयर्लंडमधल्या कॉर्क शहरी पोहोचला. तिथे जेन डेली या मुलीशी पळून जाऊन लग्न केले. लग्नासाठी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना बोचेल, आम्हालाही बोचते. पण ती लपवून चरित्र सांगणे बरे नव्हे. नाव मात्र त्यांनी मरेपर्यंत मोहम्मदच ठेवले, आणि दुकानाच्या पाटीवरही तेच लावले. १७९४ मध्ये त्यांचे प्रवासवर्णन छापून आले. हिंदुस्थानी माणसाने इंग्रजीत लिहून छापलेले ते पहिले पुस्तक मानतात.

पुढे लंडन. तिथे एका श्रीमंत साहेबाच्या वाफेच्या हमामात ते चंपी करू लागले. १८१० मध्ये जॉर्ज स्ट्रीटवर हिंदुस्थानी खाणावळ काढली. वेताच्या खुर्च्या, हुक्का, मसालेदार सालन, सगळा थाट होता, पण गिऱ्हाईक पुरले नाही. १८१२ मध्ये दिवाळे निघाले. पन्नाशी ओलांडलेला, बायकामुलांचा माणूस नोकरीसाठी वर्तमानपत्रात जाहिरात देत होता!

१८१४ मध्ये कुटुंब ब्रायटनला आले. समुद्राच्या हवेसाठी बडी मंडळी तिथे यायची, आणि सांधेदुखी तर बड्यांनाही असते. दीन मोहम्मदांनी जडीबुटीच्या वाफेचा हमाम काढला. रोग्याला आधी घामाने चिंब करायचे, मग फ्लॅनेलच्या तंबूत बसवायचे. तंबूला बाह्या शिवलेल्या. त्यातून चंपीवाल्याने हात आत घालून अंग रगडायचे. बायकांसाठी वेगळी सोय होती, ती जेन पाहायची. बरे झालेल्यांच्या कुबड्या दर्शनी खोलीत टांगलेल्या असत. यापेक्षा मोठी जाहिरात कुठली? डॉक्टरही रोगी पाठवू लागले. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम, दोन्ही बादशहांनी त्यांना आपला 'शॅम्पूइंग सर्जन' नेमले.

'सर्जन' हा शब्द मात्र त्यांना महागात पडला असावा, असे आम्हाला वाटते. १८२२ च्या पुस्तकात त्यांनी आपला जन्म दहा वर्षे मागे, १७४९ मध्ये नेला, म्हणजे वैद्यकी शिकायला मधली वर्षे सापडावीत. खोटे ते खोटेच. पण ज्या मुलखात काळ्या हाताचा गुण पांढऱ्या कागदाशिवाय कुणी मानत नव्हते, तिथे हा मोह कसा झाला हे समजते.

अखेरीस हमामाची इमारत लिलावात गेली, आणि नवी मंडळी स्पर्धेत उतरली. २४ फेब्रुवारी १८५१ रोजी ब्रायटनमध्येच ते वारले. जेन त्यांच्या आधी काही आठवडेच गेली होती. नातू फ्रेडरिक अकबर मोहम्मद मात्र खराखुरा डॉक्टर झाला. लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये त्याने रक्तदाबावर मोलाचे काम केले.