तुकडोजी महाराज

तुकडोजी महाराज (जन्म : यावली, अमरावती जिल्हा, ३० एप्रिल १९०९, निधन : गुरुकुंज मोझरी, ११ ऑक्टोबर १९६८) हे विदर्भातील संतकवी, खंजिरी भजनकार आणि समाजसुधारक होते. त्यांचे मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे. ग्रामगीता या ग्रंथाचे कर्ते आणि राष्ट्रसंत या नात्याने ते सर्वत्र परिचित आहेत. परंतु अमरावती, यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर या भागांतील खेड्यांनी त्यांना प्रथम ओळखले ते खंजिरीवर भजन म्हणणारा गायक म्हणून, आणि त्यांच्या निधनानंतरची आठवणही मुख्यत्वे भजनातूनच जपली गेली.

बालपण आणि गुरू

घरची परिस्थिती बेताची होती आणि शिवणकामावर कुटुंबाचा निर्वाह चाले. वडिलांचे नाव बंडोजी, आईचे मंजुळाबाई. माणिकचे शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांपलीकडे गेले नाही. वरखेड येथे आडकोजी महाराजांचा सहवास त्याला लाभला आणि तेच त्याचे गुरू झाले. भाकरीच्या तुकड्यावर राहणारा हा मुलगा गात असलेल्या भजनांवरून आडकोजींनी त्याला तुकड्या हे नाव दिले, असे परंपरा सांगते. पुढे तुकड्यादास हीच त्यांच्या रचनांची नाममुद्रा झाली. किशोरवयात त्यांनी घर सोडले व रामटेक, सालबर्डी, रामदिघी येथील रानांत काही काळ घालवला. या काळाविषयी अनेक चमत्कारकथा प्रचलित आहेत. स्वतः महाराजांनी नंतरच्या आयुष्यात चमत्कार आणि बुवाबाजी यांवर सातत्याने टीका केली असल्याने या कथांना चरित्रात फारसे स्थान देण्याचे कारण नाही.

खंजिरी

खंजिरी हे लाकडी कड्याच्या एका बाजूस चामडे ताणून बसवलेले, कडेला झांजेच्या चकत्या असलेले छोटे वाद्य आहे. ते एका हातात धरून दुसऱ्या हाताने वाजवतात. त्याला मांडी घालून बसण्याची, साथीदारांची किंवा मंडपाची गरज नसते. भिक्षेकरी, गोसावी आणि फिरस्ते गायक यांच्या हाती ते पूर्वीपासून होते. पखवाज आणि वीणा यांच्या तुलनेत त्याला प्रतिष्ठा नव्हती. तुकडोजी महाराजांनी हेच वाद्य निवडले आणि अखेरपर्यंत सोडले नाही.

त्यांच्या भजनाची रीत वारकरी कीर्तनाहून वेगळी होती. एखाद्या अभंगाचे निरूपण करत तासभर थांबण्याऐवजी ते स्वरचित पद चढत्या लयीत म्हणत. ध्रुवपद समुदायाने उचलावे, एवढी त्याची चाल सोपी ठेवत आणि दोन पदांच्या मध्ये थोडे बोलत. विषय देवाचा असे तसाच गावातील घाणीचा, दारूचा, अस्पृश्यतेचा, कर्ज काढून केलेल्या लग्नाचाही असे. मराठीइतक्याच सहजतेने त्यांनी हिंदीतही रचना केल्या. त्यामुळे मध्य प्रांताच्या हिंदीभाषक भागातही त्यांना श्रोते मिळाले. समकालीन गाडगेबाबा प्रश्न विचारून श्रोत्यांना अडवत आणि हसवत. तुकडोजींचा भर श्रोत्यांना गायला लावण्यावर होता. विदर्भाच्या खेड्यांनी एकाच पिढीत हे दोन्ही अनुभवले.

स्वातंत्र्य चळवळ

१९३५ मध्ये सालबर्डी येथे त्यांनी भरवलेल्या महायज्ञाला प्रचंड गर्दी झाली आणि त्यांचे नाव दूरवर पसरले. त्याच वर्षी अमरावती-नागपूर मार्गावरील मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना झाली. १९३६ मध्ये महात्मा गांधींच्या निमंत्रणावरून ते सेवाग्राम येथे सुमारे महिनाभर राहिले. यज्ञापासून चरखा आणि ग्रामसफाईकडे त्यांचा जो कल झाला, त्यात या मुक्कामाचा वाटा मोठा आहे.

ऑगस्ट १९४२ मध्ये आष्टी व चिमूर येथे ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव झाला. या परिसरात महाराजांच्या भजनांनी आधीपासून वातावरण तापवले होते, असे सरकारचेही मत होते. २८ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना चंद्रपूर येथे अटक झाली. नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवून २ डिसेंबर १९४२ रोजी त्यांची मुक्तता करण्यात आली.

ग्रामगीता आणि संघटन

सुटकेनंतर श्रीगुरुदेव सेवामंडळाच्या शाखा गावोगावी वाढल्या. पहाटे सामुदायिक ध्यान, सायंकाळी सामुदायिक प्रार्थना आणि अधूनमधून ग्रामसफाई असा शाखेचा साधा क्रम असे. १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रामगीतेत ४१ अध्याय आणि ४६७५ ओव्या आहेत. निकटचे सहकारी सुदाम सावरकर यांचा त्यांच्या वाङ्मयाच्या संपादनात महत्त्वाचा सहभाग होता. त्याच वर्षी जपानमधील विश्वधर्म परिषदेस महाराज खंजिरी घेऊन गेले. १९५६ मध्ये स्थापन झालेल्या भारत साधुसमाजाचे ते पहिले अध्यक्ष होते. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी त्यांचा राष्ट्रसंत असा गौरव केला. १९६२ व १९६५ च्या युद्धकाळात सीमेवरील जवानांसमोरही त्यांनी भजने सादर केली.

निधन आणि स्मरण

अखेरच्या काळात त्यांना कर्करोगाने ग्रासले. मुंबईत उपचार झाले, परंतु गुण आला नाही. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी, आश्विन वद्य पंचमीस, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी गुरुकुंज येथे त्यांचे निधन झाले. आश्रमासमोर, रस्त्याच्या पलीकडे त्यांची समाधी आहे.

पुण्यतिथी तिथीनुसार पाळली जाते. कोजागिरीनंतरचा हा पाचवा दिवस विदर्भात शेतकामाच्या ऐन गर्दीचा असतो. सोयाबीनची काढणी चालू असते, कापूस फुटू लागलेला असतो. तरीही यवतमाळसह शेजारच्या जिल्ह्यांतून पालख्या व दिंड्या मोझरीकडे निघतात. भगव्या टोप्या घातलेले गुरुदेवभक्त खंजिरीच्या ठेक्यावर पायी चालतात आणि वाटेतील गावे त्यांच्या मुक्कामाची सोय करतात. सप्ताहभराच्या महोत्सवात खंजिरी भजने, ग्रामगीतेचे वाचन आणि व्याख्याने होतात.

त्याचा गाभा मात्र आवाजाचा नसून शांततेचा आहे. ४ वाजून ५८ मिनिटे झाली की लाखोंचा समुदाय जेथे असेल तेथे हात जोडून स्तब्ध उभा राहतो. भजन, ध्वनिक्षेपक, विक्रेत्यांचे आवाज, सर्व थांबते. त्याच वेळी गावोगावच्या शाखांतही मौन पाळले जाते. ज्यांना मोझरीस जाणे जमत नाही, ते गावातील प्रार्थनास्थळी किंवा शेताच्या बांधावर उभे राहतात. यानंतर विविध धर्मांच्या प्रार्थना होतात. जन्मभर लोकांना गायला लावणाऱ्या माणसाला लोकांनी न गाता दिलेली ही श्रद्धांजली आहे आणि महाराष्ट्रातील संतस्मरणाच्या प्रथांत ती बहुधा एकमेव असावी.

या स्मरणात एक पेचही आहे. गुरुकुंजातील प्रार्थनामंदिरात मूर्ती नाही, केवळ आसनरूप अधिष्ठान आहे. व्यक्तिपूजेऐवजी सामुदायिक प्रार्थना, हा महाराजांचा आग्रह होता. ग्रामगीतेतील अंत्यसंस्कार आणि सणोत्सव या अध्यायांत त्यांनी मृताच्या नावाने होणाऱ्या खर्चाला व निरर्थक रूढींना विरोध केला आहे. त्यांच्या मागे मात्र चौकाचौकांत पुतळे उभे राहिले, प्रतिमेची पालखी निघू लागली आणि समाधीवर फुलांचे ढीग पडू लागले. जुने कार्यकर्ते याविषयी नाराजी व्यक्त करतात. दुसरीकडे, पुतळ्याभोवती जमणारीच माणसे दुसऱ्या दिवशी झाडू घेऊन गाव झाडताना दिसतात, हेही खरे आहे. दोन्ही गोष्टी एकाच गावात, बहुधा त्याच माणसांकडून होतात.

नागपूर विद्यापीठास २००५ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. भारतरत्न मिळावे, ही अनुयायांची मागणी अद्याप पूर्ण झालेली नाही. शालेय पाठ्यपुस्तकांतून त्यांच्या कविता अनेक पिढ्यांनी वाचल्या. सत्यपाल महाराजांनी एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवण्याची शैली रूढ करून ही परंपरा नव्या श्रोत्यांपर्यंत नेली. खंजिरी भजनस्पर्धा हा तर विदर्भातील ग्रामीण जीवनाचा नेहमीचा भाग झाला आहे. यवतमाळ जिल्ह्यातील गावांतही हिवाळ्यात अशा स्पर्धा रात्रभर चालतात. महिलांची व बालकांची मंडळे त्यांत स्वतंत्र गटांतून उतरतात, आणि घराघरांत ठेवलेली खंजिरी स्पर्धेपूर्वी चामडे ताणले जावे म्हणून शेकोटीवर शेकली जाते.