विश्लेषण : धुरातही श्वास घेता यावा म्हणून धडपडणारे जॉन टिंडल कोण होते?

भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या आगीत १० नवजात बालके दगावली. त्यातील बहुतेक ज्वाळांनी नव्हे, धुराने गुदमरली. आगीत धूर आधी जीव घेतो, हे ओळखून दीडशे वर्षांपूर्वी एका शास्त्रज्ञाने त्यावर मुखवटा बनवला होता.

टिंडल कोण होते?

जन्म २ ऑगस्ट १८२० चा, आयर्लंडमधील लेगलिनब्रिज गावचा. घरची स्थिती बेताची. जमीन मोजणीची नोकरी, मग रेल्वेची आखणी, पुढे शिक्षकी. जमवलेल्या पैशांवर १८४८ मध्ये ते जर्मनीतील मारबुर्ग विद्यापीठात शिकायला गेले. १८५३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्राध्यापक झाले. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड उष्णता शोषतात, हे त्यांनी १८५९ पासूनच्या प्रयोगांत मोजून दाखवले.

धुळीकडे ते कसे वळले?

आसगावसारख्या धानाच्या गावात गिरणीच्या छपरातून कवडसा पडला, की कोंड्याची धूळ त्यात तरंगताना दिसते. टिंडल यांनी हाच कवडसा मोजमापाचे साधन केला. हवेत धूळ असेल तर प्रकाशाचा झोत उजळतो. हवा स्वच्छ असेल तर झोताच्या जागी काळोख दिसतो.

त्यांनी झोतात उच्छ्वास सोडला. श्वासाच्या शेवटी झोत काळा पडला, म्हणजे धूळ फुप्फुसातच राहिली होती. मग कापसातून श्वास घेतला, तर उच्छ्वास सुरुवातीपासूनच स्वच्छ निघाला. कापूस धूळ अडवतो, याचा हा डोळ्यांना दिसणारा पुरावा होता.

मुखवट्यात काय होते?

- ग्लिसरीनने ओलावलेला कापूस : धुराचे बारीक कण चिकटवण्यासाठी.
- कोळसा : कापसातून निसटणाऱ्या वाफा शोषण्यासाठी. जॉन स्टेनहाउस यांनी कोळशाचा मुखवटा आधीच, १८५४ मध्ये बनवला होता. टिंडल यांनी दोन्ही एकत्र आणले.

चाचणी कशी झाली?

टिंडल यांनी आधी स्वतःच कोंदट धुरात उभे राहून पाहिले. नंतर लंडन अग्निशमन दलाचे प्रमुख कॅप्टन शॉ यांच्या मदतीने जवानांवर चाचणी झाली. राळयुक्त लाकडाच्या दाट धुरात टिंडल स्वतः मुखवटा लावून अर्ध्या तासाहून अधिक काळ थांबले होते.

मर्यादा कोणती?

कोळसा कार्बन मोनॉक्साइड अडवत नाही आणि फिल्टर प्राणवायू तयार करत नाही. म्हणूनच आज जवान पाठीवर हवेचे सिलिंडर नेतात.

आज त्याचा उपयोग काय?

शस्त्रक्रियागृहे आणि औषध कारखान्यांतील हेपा फिल्टर तपासताना आधी हवेत तेलाचे सूक्ष्म थेंब सोडतात. फिल्टरपलीकडे किती थेंब निसटले, हे त्यांच्यावरून विखुरणाऱ्या प्रकाशावरून कळते. तत्त्व टिंडल यांच्या कवडशाचेच. कोळशाच्या थराची चाचणी मात्र वेगळी : त्यातून वायू सोडत राहायचा आणि पलीकडे तो किती वेळाने निसटू लागतो, हे नोंदवायचे. ती वेळ येण्याआधीच कोळसा बदलायचा.

अखेर कशी झाली?

टिंडल यांना निद्रानाश होता. ४ डिसेंबर १८९३ रोजी पत्नी लुइसा यांच्याकडून चुकून दुसऱ्या औषधाऐवजी क्लोरल या झोपेच्या औषधाची मोठी मात्रा दिली गेली आणि त्यातच त्यांचा मृत्यू झाला.