एमिलीचा कीपर

'वुदरिंग हाइट्स' या कादंबरीची लेखिका एमिली ब्राँटे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. आज तिच्या पुस्तकाविषयी नव्हे, तिच्या कुत्र्याविषयी दोन शब्द.

एमिलीचा जन्म १८१८ सालचा. वडील पॅट्रिक इंग्लंडमधील हॉवर्थ गावी अँग्लिकन धर्मगुरू होते. (त्यांच्या पंथात धर्मगुरू विवाह करू शकतात.) एमिली तीन वर्षांची असताना आई वारली. मुलगी अबोल. माणसांत ती कधी रमली नाही. रमली ती गावामागच्या माळावर आणि जनावरांत.

कीपर हा तिचा दांडगा कुत्रा. घरच्यांशी प्रेमळ, पण कोणी काठी उगारली की थेट गळ्यावर झेप घ्यायचा. त्याला एक खोड होती. चोरून माडीवर जायचे आणि पांढऱ्याशुभ्र बिछान्यावर ताणून द्यायची! म्हाताऱ्या टॅबीने, म्हणजे घरच्या मोलकरणीने, तक्रार केली तेव्हा एमिलीने त्याला मानेला धरून खाली खेचत आणले. तो पाय रोवून गुरगुरत होता. मध्ये पडायचे कोणाला धाडस झाले नाही. तो झेपावणार इतक्यात तिने नुसत्या मुठीने त्याच्या डोळ्यांवर ठोसे मारले, डोळे सुजेपर्यंत. मग तिनेच त्याचे सुजलेले तोंड धुऊन शेकले.

एलिझाबेथ गॅस्केल यांनी १८५७ साली ही हकीकत लिहिली. आम्हाला ती वाचवत नाही. मुक्या जिवाला असे मारणे आम्ही बरोबर म्हणणार नाही. पण कीपरने डूख धरला नाही. चुलीपुढे त्याच्या गळ्यात हात टाकून ती वाचत बसे. १८३८ साली तिने त्याचे चित्रही रंगवले होते.

सप्टेंबर १८४८ मध्ये भाऊ ब्रॅनवेल गेला. पाठोपाठ एमिलीला क्षयाने गाठले. मरणाच्या आदल्या संध्याकाळी, अंगात त्राण नसताना, ती भिंतीला धरून कुत्र्यांना खाऊ घालायला उठली असे सांगतात. १९ डिसेंबरला, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, तिने प्राण सोडला.

अंत्ययात्रेत कीपर वृद्ध पॅट्रिक यांच्यासोबत चालला. चर्चमध्ये विधी संपेपर्यंत शांत बसून राहिला. घरी आल्यावर मात्र तिच्या खोलीच्या दाराशी आडवा झाला आणि कित्येक दिवस रडत राहिला.

डिसेंबर १८५१ मध्ये तोही गेला. घरच्यांनी त्याला बागेत पुरले. त्याचा पितळी पट्टा हॉवर्थच्या त्या घरातील संग्रहालयात जपून ठेवला आहे.