थॅडियस स्टीव्हन्स : समतेचा कठोर पुरस्कर्ता

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. त्या लढ्याची संसदेतील आघाडी सांभाळणाऱ्यांत पेन्सिल्व्हेनियाचे वकील थॅडियस स्टीव्हन्स अग्रणी होते. लिंकन यांच्या तेजात त्यांचे नाव आपल्याकडे झाकोळले गेले.

४ एप्रिल १७९२ रोजी व्हर्माँटमधील डॅनव्हिल येथे त्यांचा जन्म झाला. एक पाय जन्मतःच अधू. वडील संसार टाकून निघून गेलेले. आईने कष्टाने शिकविले. डार्टमथ महाविद्यालयाची पदवी घेऊन १८१६ मध्ये त्यांनी गेटिसबर्ग येथे वकिली सुरू केली.

१८२१ मधील एक खटला मात्र त्यांच्या चरित्रात खुपतो. पेन्सिल्व्हेनियात सहा महिने राहिलेल्या गुलामास स्वातंत्र्य मिळे. चॅरिटी बटलर या स्त्रीने त्याच आधारे दाद मागितली, तेव्हा स्टीव्हन्स मालकाच्या बाजूने उभे राहिले. तिचे वास्तव्य सलग नव्हते, हा त्यांचा युक्तिवाद मान्य झाला आणि ती मुलांसह गुलामच राहिली. पुढे हेच स्टीव्हन्स पळून आलेल्या गुलामांचे वकील झाले. मताधिकार केवळ गोऱ्यांपुरता ठेवणाऱ्या राज्यघटनेवर १८३८ मध्ये त्यांनी सही नाकारली. त्याआधी १८३५ मध्ये मोफत शाळांचा कायदा रद्द होऊ घातला असता त्यांच्या भाषणाने तो वाचला होता.

१८४९ मध्ये ते काँग्रेसमध्ये गेले. यादवी युद्धात अर्थसमितीचे अध्यक्ष म्हणून युद्धखर्चाची तरतूद त्यांनी केली. त्यांच्यावरील रागापोटी दक्षिणेच्या फौजेने १८६३ मध्ये त्यांचा लोखंडाचा कारखाना जाळला. युद्धानंतर कायद्यापुढील समानतेची हमी देणारी चौदावी घटनादुरुस्ती घडविण्यात त्यांचा मोठा वाटा होता. बड्या जमीनदारांच्या जमिनी जप्त करून मुक्त गुलामांच्या कुटुंबांना प्रत्येकी ४० एकर द्याव्यात, ही त्यांची योजना मात्र सभागृहाने मानली नाही. तिथेच ते खरे हरले, असे म्हणावे लागेल. कारण जमिनीवाचून मिळालेले स्वातंत्र्य पुन्हा त्याच मालकांच्या शेतात राबू लागले. १८६८ मध्ये अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरील महाभियोग सिनेटमध्ये एका मताने फसला. प्रकृती ढासळल्याने स्टीव्हन्स त्या काळात खुर्चीतून उचलून सभागृहात आणले जात.

११ ऑगस्ट १८६८ रोजी वॉशिंग्टन येथे त्यांचे निधन झाले. लँकेस्टरमधील ज्या लहानशा दफनभूमीत वर्णभेद पाळला जात नव्हता, तीच त्यांनी आपल्यासाठी निवडली होती. तसे त्यांच्या थडग्यावर कोरलेलेही आहे.