उदक सोडले आणि उदक दिले : पुण्यश्लोक अहिल्याबाई

संतांची चरित्रे आपण नित्य ऐकतो. आज सांगायचे ते चरित्र रूढ अर्थाने संताचे नव्हे. राज्य चालविणाऱ्या एका बाईचे ते आहे. तरीही वारकऱ्याने ते ऐकावे असे मला वाटते, कारण काय ते ओघात येईलच. अहिल्याबाईंनी देवळे बांधली, न्याय केला, राज्य राखले. हे सगळे आपणांस ठाऊक आहे. मी आज त्यांच्या एकाच कामाला धरून बसणार आहे. ते काम म्हणजे पाणी.

आमचे सावेडी नगर शहराला लागलेले. शहराच्या पश्चिम अंगाने सीना वाहते. नगरच्याच परिसरात उगम पावून ती दक्षिणेकडे जाते, कर्जत-जामखेडच्या मुलखातून चौंडी गावाला वळसा घालते आणि पुढे सोलापूर जिल्ह्यात हत्तरसंग-कुडल येथे भीमेला मिळते. भीमा म्हणजे आपली चंद्रभागा. हा संगम पंढरपूरच्या खालच्या अंगाला आहे, म्हणून सीनेचे पाणी पंढरीच्या वाळवंटाला लागत नाही. पण शेवटी ती चंद्रभागेचीच धाकटी बहीण. याच सीनाकाठच्या चौंडीच्या लेकीचे नाव 2024 साली आमच्या जिल्ह्याला मिळाले. जिल्हा अहिल्यानगर झाला. नाव मिळाले खरे, आता ते शोभले पाहिजे.

31 मे 1725 रोजी चौंडी येथे माणकोजी शिंदे पाटलांच्या घरी अहिल्याबाई जन्मल्या. हा मुलूख कमी पावसाचा. इथल्या बाईला पाण्याची किंमत पुस्तकातून शिकावी लागत नाही. डोईवरचा हंडा ती शिकवतो. सुभेदार मल्हारराव होळकर चौंडीवरून जात असताना देवळात त्यांना ही चुणचुणीत पोर दिसली आणि त्यांनी तिला सून करून घेतले, अशी कथा सांगतात. 1733 साली खंडेरावांशी विवाह झाला. सासू गौतमाबाई मोठ्या करारी. मल्हाररावांनी तर सुनेला कारभारच शिकवला. वसुली, पत्रव्यवहार, फौजेची रसद, तोफखान्याची तयारी, सगळे विश्वासाने तिच्यावर सोपवत गेले.

1754 साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या गोळ्याने पडले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या. म्हाताऱ्या मल्हाररावांनी पदर पसरला, की तू गेलीस तर मला कोण? त्या थांबल्या. लोक काय म्हणतील हे मनात न आणता थांबल्या. सज्जनहो, त्या दिवशी चितेवरून मागे फिरलेल्या पावलांनी पुढे केवढे काम केले ते पाहा. 1766 साली मल्हारराव गेले. गादीवर आलेला एकुलता एक मुलगा मालेराव वर्षभरही जगला नाही. 1767 साली तोही गेला. राज्यावर डोळा ठेवून राघोबादादा फौजेनिशी माळव्यात आले. बाई डगमगल्या नाहीत. त्यांनी आपली फौज उभी केली, इतर सरदारांकडे मदतीची पत्रे धाडली, आणि दादांना काढता पाय घ्यावा लागला. फौजेचे काम तुकोजी होळकरांकडे देऊन अहिल्याबाईंनी नर्मदाकाठी महेश्वर येथे आपले ठाणे केले, आणि तिथून सुमारे 28 वर्षे राज्य पाहिले.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. होळकरांच्या घरात दोन तिजोऱ्या होत्या, एक दौलतीची आणि दुसरी खासगीची. खासगी म्हणजे घरच्या बाईची स्वतःची मिळकत. 1734 साली पेशव्यांनी ती गौतमाबाईंना लावून दिली होती. त्यांच्या मागे ती अहिल्याबाईंकडे आली. असे सांगतात, की राज्य हाती आल्यावर बाईंनी या संचित द्रव्यावर तुळशीपत्र ठेवले, हातावर पाणी घेतले आणि ते धर्मकार्यासाठी उदक सोडून अर्पण केले. आपल्याकडे दान नुसत्या तोंडाने होत नाही; हातावरून पाणी सोडले म्हणजे ते पुरे होते, मग त्या वस्तूवर आपला हक्क नाही. ज्या धनावर बाईंनी उदक सोडले, ते धन पुढे खरोखरच उदक होऊन लोकांच्या ओंजळीत आले.

कसे आले ते ऐका. महेश्वरला नर्मदेचे घाट बांधले. काशीत विश्वेश्वराचे देऊळ 1780 च्या सुमारास उभे केले, तिथेच गंगेवर घाट बांधले. त्यांतल्या एकाला आजही अहिल्याघाट म्हणतात. हरिद्वारला कुशावर्त घाट. जेजुरीला होळकर तळे. वेरूळचे शिवालय तीर्थ त्यांच्याच नावावर सांगतात. आपल्या पंढरीत चंद्रभागेकाठी होळकर वाडा आहे, तो तर प्रत्येक वारकऱ्याने पाहिलेला. आणि आमच्याच जिल्ह्यात, राहाता तालुक्यात, गोदावरीकाठी पुणतांबे आहे. चौदाशे वर्षांचे म्हणून ज्यांची ख्याती, आणि चिमुकल्या मुक्ताईपुढे ज्यांचा अहंकार गळाला, त्या चांगदेवांची समाधी तिथली. त्या गावच्या गोदावरीला अहिल्याबाईंनी घाट बांधून दिला.

घाट म्हणजे काय, हे आजच्या नळाच्या पोरांना सांगावे लागते. नदीकाठी नुसती दरड असली, की म्हातारा माणूस पाण्यापर्यंत पोचत नाही, पोचला तर घसरतो. पावसाळ्यात काठ ढासळतो आणि माती नदीत जाते. पायऱ्या बांधल्या, की पाणी चढो वा उतरो, माणसाला उभे राहायला एक पायरी मिळतेच. बारवेचेही तसेच. उन्हाळ्यात पाणी खाली गेले, की आपण पायऱ्यांनी खाली जायचे. दोर-पोहरा नसलेला वाटसरूही तहानेला राहत नाही. घाट-बारवा म्हणजे शोभेचे दगड नव्हेत, अडल्यानडल्याला पाण्यापर्यंत नेणारा तो हात आहे.

माल्कम नावाचा इंग्रज अधिकारी 1818 नंतर माळव्यात होता. बाईंना पाहिलेली माणसे तेव्हा हयात होती. त्यांना विचारून विचारून त्याने जे लिहून ठेवले, ते वाचताना डोळे भरून येतात. उन्हाळ्यात वाटेवर माणसे बसवून येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी पाजण्याची त्यांनी सोय केली होती. एवढ्यावर भागले नाही. महेश्वरच्या आसपास शेतकरी भर उन्हात औत हाकत असला, की बाईंचा माणूस यायचा, औत थांबवायचा आणि बैलांना पाणी पाजून जायचा. पाखरांना पिकावरून हुसकतात म्हणून त्यांच्यासाठी शेते विकत घेऊन मोकळी ठेवली होती. नर्मदेतल्या माशांनाही अन्नाचा वाटा ठरलेला होता. अहो, देवळे पुष्कळ राजांनी बांधली. पण दुसऱ्याच्या बैलाची तहान कोणत्या राजाच्या ध्यानात आली? नाथांनी काशीची कावड रामेश्वराला न नेता वाटेतल्या तहानलेल्या गाढवाला पाजली, ती कथा आपण कीर्तनात रंगवून सांगतो. बाईंनी तीच कथा दरबारी शिरस्ता करून चालवली. आणि मौज अशी, की दक्षिणेतल्या देवळांना गंगाजलाच्या कावडीही त्याच पोचवीत. देवाला गंगा आणि बैलाला पाणी, दोन्ही एकाच खर्चातून.

इथे एक गोष्ट खरी ती सांगितली पाहिजे. त्या काळी सगळ्या जातींची माणसे एका पाणवठ्यावर येत नव्हती. ती रूढी अहिल्याबाईंच्या राज्यातही मोडली नाही. सार्वजनिक तळ्याचे पाणी सर्वांचे, हे सांगायला 1927 साली डॉक्टर आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. चंद्रभागेच्या वाळवंटात एकमेकांच्या पाया पडणाऱ्या आपण वारकऱ्यांनी ही उणीव झाकून ठेवू नये.

संस्कृत पाठशाळेत आम्हांला इष्ट आणि पूर्त असे दोन धर्म शिकवले. इष्ट म्हणजे यज्ञयाग. त्याचा अधिकार शास्त्राने मोजक्यांना दिला. पूर्त म्हणजे विहीर, बारव, तळे, देऊळ, अन्नदान, बाग. आणि पूर्ताचा अधिकार त्याच स्मृतिकारांनी शूद्रालाही दिला. स्मृतीत आणखी एक वचन आहे. त्याचा भाव असा, की पडलेली विहीर, बुजलेले तळे जो पुन्हा उभे करतो त्याला ते नवे बांधल्याचेच फळ मिळते. तरुणपणी हे नुसते पाठ केले होते. अहिल्याबाईंचे चरित्र वाचल्यावर त्याचा अर्थ लागला.

कारण बाई बांधून मोकळ्या झाल्या नाहीत. ठिकठिकाणच्या धर्मकार्यांना त्यांनी दरसालची नेमणूक बांधून दिली. घाट एकदा बांधायचा असतो, पण गाळ दर पावसाळ्याला येतो. दगडांच्या सांध्यात पिंपळ दरवर्षी उगवतो. बारवेत पालापाचोळा रोज पडतो. बांधणाऱ्याचे नाव दगडावर कोरतात, गाळ काढणाऱ्याचे कुठेच नाही. आणि तरीही बारव जिवंत राहते ती त्या बिननावाच्या माणसामुळेच. आमच्या नगरात निजामशाहीच्या काळी कापूरवाडीच्या बाजूने जमिनीखालच्या खापरी नळांतून पाणी शहरात येत असे. मोठी हुशारीची योजना होती. निगा सुटली, आणि ते नळ हळूहळू मुके झाले. बांधणारे थोर होते, सांभाळणारे उरले नाहीत.

आता या चरित्रातला कठीण प्रसंग. म्हातारपणी बाईंचा नातू गेला. मागोमाग जावई यशवंतराव फणसे गेले. 1791 साली लेक मुक्ताबाई सती जायला निघाली. जी आई स्वतः चितेवरून परतली होती, तिने लेकीपुढे पदर पसरला. पण लेक ऐकेना. नर्मदेच्या काठी चिता पेटली आणि आईने ती उभ्याने पाहिली. दोन माणसांनी तिला धरून ठेवले होते. मग नर्मदेत स्नान करून ती वाड्यात गेली. तीन दिवस अन्न नाही, शब्द नाही. ती दुष्ट चाल पुढे 1829 साली इंग्रजी अंमलात कायद्याने बंद होऊ लागली, ते बरेच झाले. पण त्या तीन दिवसांनंतर काय झाले ते पाहा. बाई पुन्हा दरबारात बसल्या. ज्या नदीच्या काठी सर्वस्व जळाले, तिच्याच माशांचा घास त्यांनी चुकवला नाही. नामस्मरण म्हणजे दुसरे काय असते, महाराज? दुःख आले म्हणून नेम न मोडणे, हीच वारी.

13 ऑगस्ट 1795, श्रावण वद्य चतुर्दशीला, वयाच्या 70 व्या वर्षी महेश्वरी त्यांनी देह ठेवला.

आता फलश्रुती. दरवर्षी जयंतीला चौंडीत हजारो लोक जमतात, हार घालतात. घालावेत. पण ज्या सीनेकाठी ती बाळपणी खेळली, त्या सीनेत आमच्या शहराचे सांडपाणी उतरते. मी सावेडीत राहणारा. माझ्या न्हाणीघराचे पाणी शेवटी कुठे जाते, हे मीही कितीएक वर्षे विचारले नव्हते. ते सीनेत जाते, तिथून निमगाव गांगर्ड्याच्या धरणात आणि मग चौंडीकडे. एका हाताने प्रतिमेला हार घालायचा आणि दुसऱ्या हाताने तिच्या माहेरच्या पाण्यात घाण सोडायची, याला पूजा म्हणत नाहीत. पंढरीतही तेच. एकादशीला ज्या चंद्रभागेत आपण स्नान करतो, तिच्या वाळवंटात द्वादशीला पत्रावळी, प्लास्टिक आणि जुनी वस्त्रे टाकून निघतो. पाण्यात थुंकू नये, मळ टाकू नये, हा नियम स्मृतिकारांनी केव्हाच घालून दिला आहे. तो नवा नव्हे.

तेव्हा माझे मागणे थोडे आहे. सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडावे, हे नगरपालिकेला, महापालिकेला आपण दहा जणांनी मिळून विचारावे. विचारणे हाही धर्मच. वारीत वस्त्र, निर्माल्य, पत्रावळ पाण्यात सोडू नये. आणि प्रत्येक दिंडीने आषाढीला निघण्यापूर्वी आपल्या गावची एक बारव, एक आड, निदान एक ओढ्याचा तुकडा साफ करावा. खासगीची तिजोरी आपल्यापाशी नाही. पण गाळ काढायला तिजोरी लागत नाही, फावडे लागते आणि दोन हात. शास्त्र सांगते फळ तेवढेच मिळेल.

अहिल्याबाईंनी धनावर उदक सोडले. आपण आळसावर सोडू या.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!