मोटार जोडणारे आणि मोटार घडवणारे

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म १८८२ साली सोलापूरला एका गुजराती जैन व्यापारी कुटुंबात झाला. घराण्याचा व्यवसाय कापसाचा आणि सावकारीचा. आई फार लवकर गेली. शिक्षणासाठी ते आधी मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजात आणि मग पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते, पण पदवी काही पूर्ण झाली नाही. (हा भाग आमच्या वर्गातील काही मित्रांना विशेष आवडेल, म्हणून तो येथेच आटोपतो.)

घरच्या पेढीवर त्यांचे मन रमले नाही. लक्ष्मणराव फाटक नावाच्या, पूर्वी रेल्वेत कारकून असलेल्या गृहस्थांशी भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेचे कंत्राट घेतले. पुढे बोरघाटातले बोगदे आणि मुंबईला पाणी नेणारी तानसाची नळयोजना अशी मोठमोठी कामे त्यांनी केली. १९१९ साली सहकाऱ्यांसह ग्वाल्हेरच्या शिंद्यांची 'लॉयल्टी' ही बोट विकत घेऊन त्यांनी सिंदिया कंपनी काढली. ५ एप्रिल १९१९ रोजी ती बोट मुंबईहून लंडनला निघाली. तेव्हा इंग्रज कंपन्यांनी भाडी इतकी खाली आणली की नवख्याने बुडावेच. सिंदिया बुडाली नाही, पण १९२३ मध्ये स्वतःच्या व्यवसायावर मर्यादा घालून घेणारा करार तिला करावा लागला. दुसऱ्याच्या बाजारात शिरणे म्हणजे काय, हे वालचंदशेठ येथे शिकले असे मला वाटते. हा धडा पुढे मोटारीच्या प्रकरणात उपयोगी पडला.

त्या काळी हिंदुस्थानात मोटारी दिसत नव्हत्या असे नाही. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत मोटारी जोडायला सुरुवात केली होती आणि पाठोपाठ फोर्डही आली. परंतु खोक्यांतून सुटे भाग यायचे, येथले कामगार ते जोडायचे, रंग द्यायचे, की झाली मोटार तयार. इंजिन कसे ओततात, गिअरचे दाते कसे कापतात, हे येथे कोणालाच शिकायला मिळत नसे. सर विश्वेश्वरय्यांनी मोटार कारखान्याची योजना आखली होती. ती वालचंदशेठनी उचलून धरली आणि १९३९ मध्ये ते अमेरिकेला गेले. फोर्डशी जमले नाही, पण क्रायस्लरशी जमले.

खरी अडचण दिल्लीत होती. महायुद्ध सुरू झाले होते आणि मोटार कारखान्याचा युद्धकार्याला उपयोग नाही अशी सरकारची भूमिका होती. यंत्रसामग्रीसाठी डॉलर मिळेनात. आयातीपासून संरक्षण मिळावे, ही मागणीही मान्य होईना. गंमत अशी, की त्याच अमेरिकेच्या दौऱ्यात विमानप्रवासात त्यांची एका विमान-व्यावसायिकाशी गाठ पडली आणि त्यातून १९४० मध्ये बंगलोरला विमानाचा कारखाना उभा राहिला. युद्धाला विमान हवे होते, मोटार नको होती. १९४२ मध्ये सरकारने तो कारखानाही आपल्याकडे घेतला. विशाखापट्टणमची जहाजगोदी, वालचंदनगरचा साखर कारखाना, यांवर वेगळे लेख होतील, म्हणून ते सोडतो.

शेवटी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, प्लायमाउथ या गाड्या बाहेर पडल्या. सुरुवातीला तेथेही खोकीच उघडली जात, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण एकेक भाग येथेच करायचा, हा हेतू पहिल्यापासून होता. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. ८ एप्रिल १९५३ रोजी वालचंदशेठ सिद्धपूर येथे वारले. त्याच वर्षी सरकारने टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून ठरवले, की ज्यांना फक्त जोडणीच करायची आहे त्यांना येथे जागा नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. ज्यासाठी हा माणूस आयुष्यभर भांडला ते मिळाले, पण पाहायला तो उरला नाही.

आता माझे मत. संरक्षण मिळाले ते योग्यच होते, मात्र कुंपणाच्या आत शर्यतच उरली नाही. गिऱ्हाइकाने नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबायचे आणि १९६४ ची फियाट किरकोळ फरकाने, पुढे पद्मिनी या नावाने, शतक संपेपर्यंत निघत राहायची. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. चीननेही कुंपण घातले होते. परदेशी कंपनीला तेथे स्थानिक भागीदार घ्यावाच लागे आणि निम्म्याहून जास्त हिस्सा मिळत नसे. पण त्या कुंपणाच्या आत डझनावारी कारखाने एकमेकांच्या उरावर बसले होते, आणि विजेच्या गाडीची बॅटरी त्यांनी मुळापासून शिकून घेतली. २०२३ मध्ये मोटारींच्या निर्यातीत चीनने जपानला मागे टाकले. त्यानंतर २०२४ मध्ये युरोपने चिनी विजेच्या गाड्यांवर जादा जकात बसवली आणि अमेरिकेने ती शंभर टक्क्यांवर नेली. सोलापूरच्या या गृहस्थाने संरक्षण मागितले तेव्हा ज्यांना ते अवाजवी वाटत होते, त्यांच्याच मुलखात आज कुंपणे उभी राहत आहेत. जुलै २०२५ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात अमेरिकेच्या टेस्लाने दुकान थाटले. तेथे आलेल्या गाड्या शांघायच्या कारखान्यात बनलेल्या होत्या.

परभणी जिल्ह्यातल्या पिंगळीच्या पोराला याचे काय, असे कोणी विचारील. वालचंदशेठ कारखान्यांसाठी धडपडत होते तेव्हा आमचे गाव निजामाच्या राज्यात होते आणि रुळांखेरीज दुसरे यंत्र कोणी पाहिले नसावे. आज आमच्या आळीतली तीन पोरे चाकणला आहेत. त्यांत माझा दादाही आहे. तो सायलेन्सरच्या कारखान्यात कंत्राटावर आहे. त्याच्या पगारातून माझी कॉलेजची फी भरली जाते. विजेच्या गाडीला सायलेन्सर नसतो.

दिवाळीला तो आला तेव्हा मी त्याला हे बोललो. त्याला ते ठाऊक होते. शेजारच्या कारखान्यात आता बॅटऱ्या बनतात, तिकडे जागा निघाल्या की अर्ज टाकणार आहे, असे तो म्हणाला. मी विचारले, बॅटऱ्या बनतात की जोडतात? तो थोडा वेळ गप्प राहिला. सेल चीनहून खोक्यांतून येतात, असे त्याने सांगितले.